तुरटी बदलून पाहिली

ओपीडीच्या बाकड्यावर बसलं की शेजारचा पेशंट हमखास विचारतो, "तुमचं काय?" मी सांगतो, "लिव्हर." मग तो जरा जवळ सरकतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "घेत होता का?" मी म्हणतो, "हो, चहा. दिवसातून सात-आठ वेळा." तो हसतो, पण त्याचा विश्वास बसलेला नसतो. समोरच्याचा चेहरा बघण्यात माझी हयात गेली आहे, मला कळतं. मी सलूनवाला आहे.

दुसरा प्रश्न मात्र रास्त असतो. कोणीतरी माझ्या हातातली गोळ्यांची पट्टी बघतो आणि विचारतो, "तुमचं रक्त लवकर थांबत नाही म्हणता, मग ही रक्त पातळ करायची गोळी कशी काय?" याच प्रश्नावरून आमच्या घरात महाभारत झालं होतं. उत्तर देऊन देऊन तोंड दुखायला लागलं, तेव्हा मुलगी म्हणाली, "पप्पा, एकदा लिहूनच काढा." म्हणून लिहितो आहे. औषधांची नावं आणि डोस यात सापडणार नाहीत, ते ज्याने त्याने आपल्या डॉक्टरला विचारावेत.

सोमवारची दाढी

नाशिकला पंचवटीत भाजी मार्केटमागच्या बोळात आमचं दुकान आहे. दोन खुर्च्या, एक माझी आणि एक माझा थोरला भाऊ अण्णा याची. वडील रामकुंडावर बसायचे, लोकांची डोकी करायचे. आमच्या घरात रीत अशी की शिकणाऱ्याने पहिला वस्तरा सख्ख्या भावाच्या गालावर चालवायचा. कापलं तरी घरातलंच कापलं, गिऱ्हाईक तुटत नाही. अण्णा माझ्या गालावर शिकला तेव्हा मला नुसती लव होती. पुढे मी त्याच्या गालावर शिकलो आणि त्याचा पुरेपूर वचपा काढला. तेव्हापासून दर सोमवारी, दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, शटर अर्धं खाली ओढून आम्ही एकमेकांची दाढी करायचो. लग्नं झाली, वडील गेले, दोघांची भांडणंही झाली, पण सोमवारची दाढी चुकली नाही.

अशाच एका सोमवारी अण्णाच्या हातून माझ्या हनुवटीखाली जरासं लागलं. राईएवढं असेल. त्याने तुरटीचा खडा ओला करून फिरवला. थोड्या वेळाने पुन्हा लाल झालं. पुन्हा तुरटी फिरवली. मी चहा प्यालो, घरी गेलो, जेवलो, तरी कॉलरवर ठिपके पडतच होते. संध्याकाळी मी अण्णाला म्हणालो, "म्हातारा झालास तू. हात थरथरायला लागला तुझा." थट्टेत म्हणालो होतो, पण तो हसला नाही.

पुढच्या वेळी पुन्हा तेच झालं. मग मी ब्लेडला नावं ठेवली आणि ब्लेड बदललं. तरी रक्त ओघळायचं. मग पाळी तुरटीची आली. भद्रकालीतल्या शकूरभाईंच्या दुकानातून आम्ही वर्षानुवर्षं फोम, ब्लेड, तुरटी, पावडर आणतो. मी तडक तिथे गेलो आणि म्हणालो, "शकूरभाई, तुरटी बोगस निघाली. रक्त थांबत नाही."

त्यांनी पेटीतला नवा खडा काढला, जिभेला लावला, तोंड वाकडं केलं. "असली माल हे, दिलीपभाई. याच पेटीतली तुरटी अख्ख्या पंचवटीत गेली, एकाची शिकायत नाय. तुम्ही बुरा मानू नका, पण तुरटी नका बदलू. एकदा रक्त तपासून घ्या."

मला राग आला. मी दुसऱ्या दुकानातून तुरटी घेतली. तिनेही काही झालं नाही.

हिरड्यांतून रक्त यायला लागलं, मांडीवर निळे डाग दिसायला लागले. माझी बायको मंगल विचारायची, "कुठे धडकलात?" मी आठवून आठवून कुठल्यातरी खुर्चीला दोष द्यायचो. शेवटी तिनेच हाताला धरून लॅबमध्ये नेलं.

रिपोर्टचा दिवस

डॉक्टरबाई शांत होत्या. पोट दाबून बघताना डाव्या बाजूला त्यांचा हात बराच वेळ थांबला. मग रिपोर्ट समोर ठेवून त्यांनी सांगितलं की हिपॅटायटिस सी नावाचा व्हायरस रक्तात आहे, बहुतेक कित्येक वर्षांपासून आहे, आणि त्याने लिव्हर आतून घट्ट करून टाकलं आहे. रक्त गोठवणारे पदार्थ लिव्हर बनवतं, ते कमी पडले आहेत. पाणथरी, म्हणजे प्लीहा, सुजली आहे आणि तिने प्लेटलेट्स अडवून ठेवल्या आहेत.

"म्हणजे तुरटीचा दोष नाही," मी म्हणालो. त्यांना काही कळलं नाही. मंगलने टेबलाखालून माझा पाय दाबला.

मग त्यांनी विचारलं, दारू? नाही. कधी रक्त चढवलं होतं? नाही. लहानपणी एकाच सुईने गावभर इंजेक्शनं दिली होती का? असतील. एकच वस्तरा अनेकांना वापरला गेला होता का?

"मॅडम," मी म्हणालो, "वस्तऱ्याचाच धंदा आहे."

त्या म्हणाल्या की तो नेमका कुठून आला हे आता कोणी सांगू शकणार नाही, आणि शोधून उपयोगही नाही. मला मात्र त्या रात्री एकच गोष्ट छळत होती. माझ्यामुळे कोणा गिऱ्हाइकाला? आमच्याकडे कितीतरी वर्षांपासून माणसागणिक नवं ब्लेड आहे, हे मला पक्कं माहीत होतं. तरी झोप लागली नाही. भीती वाटली म्हणजे सरळ भीतीच वाटली, तिला दुसरं नाव देण्यात अर्थ नाही.

चांगली बातमी एवढीच होती की या व्हायरसवर आता गोळ्या आहेत आणि तीन महिन्यांत तो जाऊ शकतो. वाईट बातमी अशी की व्हायरस गेला तरी घट्ट झालेलं लिव्हर लगेच मऊ होत नाही. रक्ताचं दुखणं मागे राहणारच होतं.

माझी स्वतःची दाढी वस्तऱ्याने करायला मनाई झाली. सलूनवाला आणि खुरटी दाढी, हे चित्र आरशात बघायची सवय व्हायला वेळ लागला.

दुसऱ्याच्या हातचा कल्ला

घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. मंगल, मुलगी, दोघी ठीक निघाल्या. अण्णाचाही रिपोर्ट ठीक आला. एकाच वस्तऱ्याने एकमेकांवर शिकलेलो आम्ही दोघं, त्याला काही नाही आणि मला आहे.

रिपोर्ट हातात घेऊन तो दुकानात आला आणि खुर्चीवर बसून राहिला. मग म्हणाला, "मला वाटत होतं माझा हात गेला. मी अवघड गिऱ्हाईकं तुझ्याकडे द्यायला लागलो होतो, तुझ्या लक्षात नाही आलं. आज कळलं हात शाबूत हाय. आणि मला बरं वाटलं रे. तुला एवढं झालंय आणि मला बरं वाटलं." त्याचे डोळे भरून आले होते. माझ्या एका थट्टेने त्याने कित्येक आठवडे स्वतःच्या हातावर संशय घेतला होता.

व्हायरस जाईपर्यंत मी वस्तरा हातात घ्यायचा नाही, नुसते केस कापायचे, असं मीच ठरवलं. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या की काळजी घेऊन काम करायला हरकत नाही, पण माझं मन धजेना.

एका मंगळवारी सकाळी तो दुकानात आला आणि मला त्याचे कल्ले दिसले. अण्णाचा डावा कल्ला जरा खाली ठेवावा लागतो, कारण त्याचा डावा कान वर आहे. हे मला माहीत आहे आणि जगात दुसऱ्या कोणालाही माहीत नाही. दोन्ही कल्ले पट्टीने आखल्यासारखे सारखे होते. त्याने दुसऱ्याकडे दाढी केली होती.

मी विचारलं नाही. तोच म्हणाला, "तुला उगाच त्रास नको म्हणून." खरं तर त्याने मला विचारलं असतं तरी मी नाहीच म्हणालो असतो. पण त्याने विचारलं नाही, हे मला लागलं. तो घाबरला होता. माझा ब्रश, माझा टॉवेल, माझा चहाचा ग्लास, सगळं तो आता लांबून बघायचा. मंगलला मी म्हणालो, "बायको माझ्या ताटात जेवते आणि भाऊ माझ्या ग्लासाला भितो." ती म्हणाली, "भिऊ द्या. भ्यायला वेळ लागत नाही, पण भीती जायला लागतो."

अर्धी दाढी

व्हायरसच्या गोळ्या चालू होत्या त्या दिवसांतलीच गोष्ट. सकाळची वेळ, मार्केटमधले निकमभाऊ अण्णाच्या खुर्चीवर बसले होते. एका गालाची दाढी झाली होती, दुसऱ्या गालाला फेस होता. मला मळमळलं म्हणून मी बेसिनपाशी गेलो आणि रक्ताची उलटी झाली. किती झाली ते सांगत नाही, पुष्कळ झाली एवढं पुरे.

पाय गेले. मी पडलो नाही, कारण अण्णाने मागून धरलं. ज्याला माझा ग्लास नको होता त्याने उघड्या हातांनी माझं तोंड पुसलं, मला उचललं आणि रिक्षात घातलं. निकमभाऊ फेसासकट दुसऱ्या बाजूला बसले आणि रस्ताभर मला धरून राहिले. सिग्नलला लोक आमच्याकडे बघत होते. मला त्या अवस्थेतही वाटलं की या माणसाची दाढी अर्धी राहिली, दुकानाचं नाव जाणार.

दवाखान्यात अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना आतून रबरबँड लावले आणि रक्त थांबवलं. हे तुरटीचं काम नव्हतंच. मी शुद्धीवर असताना शेवटचं ऐकलं ते निकमभाऊ नर्सला सांगत होते, "ताई, माझं काही नाही हो, मी दाढीवाला पेशंट नाही, त्याच्यासोबत आलोय."

नंतर मंगलने सांगितलं की अण्णा दवाखान्याच्या नळाखाली हात धरून उभा होता, साबण लावायचा, धुवायचा, परत लावायचा. तिने जवळ जाऊन म्हटलं, "दादा, झाले स्वच्छ." तेव्हा तो रडला. त्याची पुढे दोनदा तपासणी झाली, दोन्ही वेळा काही निघालं नाही. पण तो सोमवारी माझ्यासमोर बसत नव्हता तो नव्हताच, आणि मीही त्याला म्हणत नव्हतो.

ती गोळी

वॉर्डातले दिवस सगळ्यांचे सारखेच असतात. पहाटे रक्त काढायला येणारी मुलगी, सुई काढल्यावर कापूस दाबून धरायचा, इतरांनी मिनिटभर, मी बराच वेळ. ती मुलगी माझ्यापाशी थांबून तिच्या सासूच्या गोष्टी सांगायची, म्हणजे माझा हात हलायचा नाही. पातळ खिचडी, खिडकीतून दिसणारं एक पिंपळाचं झाड, शेजारच्या खाटेवरचे मालेगावचे चाचा, जे रोज विचारायचे, "आज डोळ्यांचा रंग कसा?" आणि मी सांगायचो, "पिवळा." अशा चार गोष्टींवर दिवस निघतो.

घरी सोडायच्या आधी सोनोग्राफी झाली आणि डॉक्टरबाई पुन्हा शांतपणे समोर बसल्या. लिव्हरकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. ती वाढली तर उरलंसुरलं लिव्हरही जाणार, म्हणून रक्त पातळ करायची गोळी सुरू करायची.

मंगल उठून उभी राहिली. "मॅडम, बेसिनभर रक्त मी पुसलंय. तुम्हीच म्हणता गोठत नाही, तुम्हीच म्हणता गोठलं. आणि वर पातळ करायचं?"

घरी आल्यावर तिने पट्टी कपाटात ठेवली आणि किल्ली कमरेला लावली. "मी देणार नाही," म्हणाली. तेवढ्यात हरसूलहून तिचा भाऊ भेटायला आला, काविळीचं झाडपाल्याचं औषध बाटलीत घेऊन. त्याला सगळं कळल्यावर तो म्हणाला, "दाजी, असलं उलटसुलट म्या कधी ऐकलं नाय. त्यांना कळत नसंल. हे घ्या, लय जणांना उतार पडलाय." मंगलने बाटलीही त्याच कपाटात टाकली. "हे पण नाही आणि ते पण नाही," म्हणाली. मेहुणा रुसून बसला. अण्णा म्हणाला डॉक्टर सांगतात ते कर. मुलगी मोबाईलवर वाचत बसली आणि दर तासाला नवीन भीती घेऊन बाहेर यायची. आणि मी पलंगावर बसून बघत होतो की माझ्या जिवाचा निर्णय माझ्याशिवाय सगळे घेत आहेत. खरं सांगायचं तर मलाही ती गोळी नकोच होती. मंगल माझ्याच मनातलं मोठ्याने बोलत होती.

दुसऱ्या दिवशी ती कोणाला न सांगता एकटी ओपीडीत जाऊन बसली. नंबर नव्हता, शेवटी आत घेतलं. ती जे ऐकून आली ते तिने आल्यावर पोळ्या लाटता लाटता मला सांगितलं, आणि आजवर मला यापेक्षा सोपं कोणी सांगितलेलं नाही.

"त्या म्हणाल्या, लिव्हर नुसतं गोठवायचंच सामान बनवत नाही. गोठू न देण्याचं सामानपण तेच बनवतं. तुमच्यात दोन्ही कमी झालंय. मार्केटातल्या तराजूच्या दोन्ही पारड्यांत थोडं थोडंच उरलंय. म्हणून जरा धक्का लागला की कधी इकडे जातं, कधी तिकडे. वरच्या शिरा त्यांनी आधी रबरबँडने बांधून घेतल्यात, म्हणून आता गोळी देता येते. आधी दिली नसती, असं म्हणाल्या. आणि काळी शी झाली, उलटीत लाल दिसलं, तर विचारत बसायचं नाही, सरळ निघायचं."

"मग?" मी म्हणालो.

"मग काय. मी विचारलं, तुमच्या नवऱ्याला दिली असती का? त्या म्हणाल्या, हो, आणि रोज स्वतःच्या हाताने दिली असती." तिने हात धुतले, कमरेची किल्ली काढली, गोळी माझ्या तळहातावर ठेवली आणि मी गिळेपर्यंत समोरून हलली नाही. त्यानंतर आजतागायत ती तिच्याच हातून येते. झाडपाल्याची बाटली तिने भावाबरोबर परत पाठवली, सोबत डबाभर लाडू दिले म्हणून तो फार रागावला नाही.

ज्यांना हा प्रश्न पडला असेल त्यांनी असंच करावं. कपाटाला कुलूप लावू नका. ज्यांनी गोळी लिहून दिली त्यांच्यासमोर जाऊन बसा आणि मनात आहे ते विचारा. आणि कोणाच्या गोळ्या बघून आपल्या चालू किंवा बंद करू नका. माझं पारडं माझं आहे.

मधले महिने

मऊ ब्रशने दात घासतो. अंगदुखीची गोळी मनाने घेत नाही. काही उपटायचं, टोचायचं, कापायचं असलं तर आधी सांगतो. सुरुवातीला रोज सकाळी संडासात रंग बघताना छातीत धडधडायचं, आता नुसतं बघतो. मध्ये पायांना सूज आली, गेली. मीठ कमी केलं. नाशिकच्या माणसाला मिसळ सोडायला लावणं हा सगळ्यात मोठा अन्याय आहे, पण तोही सहन केला. चिडचिड व्हायची, मुलीवर ओरडायचो, मग तिच्याच हातचा चहा मागायचो.

शकूरभाई भेटायला आले. तुरटीचा एक मोठा खडा कागदात गुंडाळून आणला होता. "जुनीच पेटी," एवढंच म्हणाले. मी त्यांची माफी मागितली, त्यांनी विषय बदलला.

व्हायरस गेला. नंतर काही महिन्यांनी पुन्हा तपासलं, तरी नव्हताच. आणि त्यानंतरच्या सोनोग्राफीत डॉक्टरबाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. मला त्यात काही कळलं नाही, पण त्या म्हणाल्या की शिरेतून रक्त वाहतंय, गुठळी विरघळत आली आहे. गोळी अजून काही काळ चालू ठेवायची.  घरी आल्यावर मंगलने कपाट उघडलं, पट्टी काढली आणि त्या दिवशीची गोळी दिली.

सोमवार

त्यानंतरच्या सोमवारी मी दुकानात एकटाच झाडलोट करत होतो. शटर अर्धं खाली होतं. खालून वाकून अण्णा आत आला. तो माझ्या खुर्चीवर बसला, मान मागे टाकली आणि हनुवटी वर केली.

"हात बसलेला नाही," मी म्हणालो. "इतक्या महिन्यांत वस्तरा धरलेला नाही."

"मग माझ्यावरच शिक," अण्णा म्हणाला. "घरातलंच कापेल."

मी हातमोजे घातले. नवं ब्लेड लावलं. मी गरजेपेक्षा जास्त वेळ फेस करत राहिलो आणि त्याने डोळे मिटून घेतले होते, त्यामुळे आम्हा दोघांचीही सोय झाली. डावा कल्ला खाली ठेवला, उजवा वर. एक गाल झाला. हनुवटीखाली वळवताना, जिथे त्याच्याकडून मला लागलं होतं जवळपास तिथेच, मी त्याला कापलं. राईएवढं.

रक्ताचा थेंब वर आला आणि मी नुसता बघत राहिलो. अण्णाने डोळे न उघडता हात पुढे केला, काउंटरवरचा शकूरभाईंचा खडा चाचपून घेतला आणि माझ्या हातात दिला. मी तो ओला करून फिरवला.

रक्त थांबलं. लगेच थांबलं. मी बराच वेळ वाट बघितली, पुन्हा काही आलं नाही.

"थांबलं?" अण्णाने विचारलं.

"थांबलं."

"मग तुरटी चांगली हाय," तो म्हणाला, आणि दुसरा गाल पुढे केला.